माहीमच्या वाडीचं लाकूड

गिरगाव, मुगभाट
चैत्र शुद्ध १०, शके १८१६

ती. गं. भा. गंगुबाई वहिनींचे सेवेशी,
हेमचंद्राचा शि. सा. न. वि. वि. येथे सर्व खुशाल. मीनाक्षीच्या पायाची सूज उतरली आहे. तुमच्याकडच्या कैऱ्या पोचल्या, त्यांचे लोणचे निम्मे संपलेदेखील.

दादांना जाऊन सात महिने झाले. माहीमच्या वाडीत तुम्ही एकट्या राहता, या विचाराने मला हपिसात दोन ओळी सरळ लिहिता येत नाहीत. मूलबाळ नाही, घरात पुरुषमाणूस नाही. आजोबांच्या वाटणीपत्रातले कलम तुम्हाला ठाऊक आहेच. जमिनीवर बसलेला भाऊ शहरातल्या भावाला विसरतो म्हणून आजोबांनी लिहून ठेवले की, वाडी थोरल्या घराकडे राहावी, पण त्यांनी दरसाल घरच्या हाताने तोडलेले लाकूड धाकट्या घरांना पोचवावे, आणि अक्षय्य तृतीयेला सूर्य मावळण्याआधी धाकट्यांच्या चुली त्यावर पेटाव्या. ज्या वर्षी त्या पेटणार नाहीत, त्या वर्षापासून वाडीची वहिवाट सगळ्यांत धाकट्या घराकडे. दादा हे काम दरसाल करीत. आता घरचा हात राहिला नाही. तेव्हा तृतीयेची वाट न पाहता तुम्ही आपण होऊन वाडी सोडल्याचे लिहून दिलेत तर चारचौघांत शोभेल.

एक कंत्राटदार त्या जागेवर गिरणकामगारांसाठी चाळी बांधू म्हणतो. सज्जन गृहस्थ आहे. तुमच्यासाठी आमच्याकडे मागल्या अंगाची खोली रिकामी करून ठेवली आहे. तिथे उजेड बरा येतो.

मुलावर असते तशी माया या धाकट्या दिरावर राहू द्यावी, हे मागणे.
हेमचंद्र

माहीम
चैत्र शुद्ध १४

चि. रा. हेमचंद्र भावोजींस गंगुबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.
पत्र पावलं. त्यातली काळजी वाचली आणि काळजीच्या खाली झाकलेली चाळही वाचली. कंत्राटदार सज्जन असेल. त्याला म्हणावं, सज्जनपणा दुसऱ्याच्या जागेवर कर.

तुम्ही लिहिता की घरचा हात राहिला नाही. माझे दोन आहेत. नऊ वर्षांची असताना या घरात आले, आज चाळीस उलटली. एवढ्या वर्षांत या घरच्या चुलीत जे जळलं ते मीच लावलं, मीच फुंकलं. आजोबांच्या कागदात घरचा हात लिहिलाय, पुरुषाचा हात लिहिलेला नाही. मी कागद पेटीतून काढून दोनदा वाचला. अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आहे त्यांचं.

विहिरीकडचा रायवळ आंबा दोन पावसाळ्यांमागे वठला. उभ्याउभ्या वाळलाय, म्हणजे लाकूड सुकवत बसायला नको. शुद्ध पक्षात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो, म्हणून परवा वद्य पक्ष लागला की हात घालते. तुमच्या दादांची कुऱ्हाड आजपासून पाण्याच्या बादलीत घालून ठेवली आहे. दांडा फुगला की पातं निसटत नाही, हे त्यांनीच दाखवलं होतं.

मागल्या अंगाची खोली भरून टाका. लोणच्याच्या बरण्या ठेवा. मीनाक्षीला म्हणावं, पायाला एरंडाचं पान बांध.

रागावलात तरी चालेल, पण कैऱ्या मागायला लाजू नका.
गंगुबाई

गिरगाव
चैत्र वद्य ५

ती. गं. भा. वहिनींचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि. तुम्ही खरोखरच झाडावर चढलात, असे ऐकले. पदर खोचून, कुऱ्हाड घेऊन. दादांचे वर्षश्राद्ध व्हायचे आहे, वहिनी. काल हपिसात माहीमकडच्या एकाने मला सर्वांदेखत विचारले, तुमच्या घरी लाकूडतोड्या ठेवायची ऐपत नाही काय. मी काय उत्तर देणार?

दुसरे असे की, मच्छी विकणारी रखमा कोळीण करवतीचे दुसरे टोक धरते, अशी बातमी आहे. तसे असेल तर तो घरचा हात होत नाही. मी कागदाच्या बाहेर एक अक्षर बोलत नाही. परळच्या दौलतकाकांच्या कानावर हे घातले आहे. त्यांच्या चुलीचाही यात वाटा आहे, आणि भाऊबंदांत तेच वडील. ते स्वतः येऊन पाहतील.

लाकूड तोडून झाले तरी आणणार कशात? गाडीवाला उत्तम माझ्या शब्दाबाहेर नाही, आणि तो नाही म्हणाला की बाकीचेही नाहीच म्हणतात. हे मी रागाने लिहीत नाही. तुम्ही दमाल आणि शेवटी व्हायचे तेच होईल, म्हणून लिहितो.

थोरल्या वहिनीचा हात डोक्यावर असावा, एवढीच इच्छा.
हेमचंद्र

माहीम
चैत्र वद्य ११

चि. रा. हेमचंद्र भावोजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.
झाड पडलं. विहिरीवर नाही, गोठ्यावर नाही, जिथे पाडायचं होतं तिथेच पडलं. आधी फांद्या उतरवल्या, मग दोर बांधला, मग पडायच्या बाजूला खाच घेतली. तुम्ही लहानपणी याच झाडावर चढून रडत बसला होतात, आणि उतरवायला मला शिडी लावावी लागली होती. तेव्हा बायकांनी झाडावर चढू नये, असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात.

करवतीचं म्हणाल तर तुमचा कागदी मुद्दा बरोबर निघाला. रखमाने एक दिवस दुसरं टोक धरलं होतं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी ते कापलेले तुकडे बाजूला काढले आणि तिला देऊन टाकले. तिच्या चुलीला कागद लागत नाही. पुढचं सगळं एकटीने कुऱ्हाडीने केलं. रखमाने त्या दिवसापासून लाकडाला बोट लावलेलं नाही, तोंड मात्र लावलं. ती कुंपणावर बसते, मी घाव चुकवला की कोळवाड्यात ऐकू जाईल असं हसते, आणि तुमच्या नावाने जे बोलते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

दौलतकाका परवा आले. खाटेवर बसून दुपारभर बघत राहिले. मी पाचर बसवून घण घालत होते, तर म्हणाले, पाचर आडवी पडते आहे, रेषेत धर. धरली. ओंडका एका घावात उकलला. जाताना एवढंच म्हणाले की, मोजायला आलो होतो, शिकवून चाललो. हात सोलवटलेत, तळव्यांना हळद-तेल लावते आहे. पण ढलप्यांची रास माझ्या छातीएवढी झाली.

उत्तम गाडीवाला खरोखरच नाही म्हणाला. त्याची मान खाली होती, म्हणून मी त्याला ताक पाजून पाठवलं. काकांचा वाटा रखमा आणि तिच्या सोबतिणी डोक्यावरून नेतील, त्या रोज परळ-लालबागला मासे घेऊन जातातच. आजोबांनी तोडणारा हात घरचा सांगितलाय, वाहणारं डोकं नाही. तुमचा वाटा समुद्रातून येईल. रखमाचा नवरा विठोबा आपली होडी देतो म्हणाला. वाळकेश्वराचं टोक वळलं की चौपाटी. तिथे तुमच्या शब्दात असलेले बैल नाहीत.

पोटात राग धरून जेवू नका, पित्त होतं तुम्हाला.
गंगुबाई

गिरगाव
वैशाख शुद्ध १

ती. गं. भा. वहिनींचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि. काल अवसेला जे घडले ते उत्तमकडून कळले. ओहोटी पाहून सकाळी तुम्ही सगळे लाकूड किनाऱ्यावर, पाण्याच्या कडेला रचून ठेवलेत, आणि दुपारी उधाणाने ते उचलून नेले. अवसेला समुद्र कुठवर चढतो, हे वाडीतल्या माणसाला कळायचे कसे? यात तुमचा दोष नाही.

मला आनंद झाला, असे कृपा करून समजू नका. मी जेवलो नाही. पण देवाच्या मनात काय आहे ते दिसले. पंचमीला मी कागद घेऊन येतो. तुम्ही सही करावी आणि माझ्याबरोबर गिरगावास यावे. मीनाक्षीने खोली सारवून ठेवली आहे.

आपल्या माणसाला आपले म्हणत जावे, ही विनवणी.
हेमचंद्र

माहीम
वैशाख शुद्ध २

चि. रा. हेमचंद्र भावोजींस आशीर्वाद. वि. वि.
चूक माझीच. होडीत भरायला सोपं पडावं म्हणून पाण्याशी रचलं. रखमा परळला काकांचं लाकूड पोचवायला गेली होती, ती असती तर माझा हात धरला असता. आल्यावर तिने मला जे फैलावर घेतलं, तेवढं सासूबाईंनीही कधी घेतलं नव्हतं. एवढी वर्षं समुद्राशेजारी राहून भरती कळत नाही, म्हणाली.

पण वाळला आंबा हलका असतो, भावोजी. तो बुडत नाही. विठोबाने आणि कोळवाड्यातल्या चार होड्यांनी खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन जाळ्यांनी लाकूड गोळा केलं. पाऊण रास परत आली. ओली आहे, खारी आहे, पण माझ्या कुऱ्हाडीचे घाव तिच्यावर आहेत, मी एकेक ओळखते. उन्हात पसरली आहे.

देवाच्या मनात काय आहे ते त्याला सांगू द्या, तुम्ही त्याचे कारकून होऊ नका. उद्या दुपारच्या भरतीला चौपाटीवर येते. पंचमीला येण्याचा त्रास घेऊ नये.

मीनाक्षीने उगाच सारवलं, तिचे पाय दुखतील.
गंगुबाई

गिरगाव
वैशाख शुद्ध ४

ती. गं. भा. जाऊबाईंच्या चरणी मीनाक्षीचा नमस्कार. वि. वि.
मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. आजवर यांच्या पत्रात माझ्या पायाची खबर असायची, तेवढीच मी. हे पत्र यांना न विचारता लिहिलंय, आणि टपालात मी स्वतः टाकणार आहे.

काल तुम्ही चौपाटीवरून डोक्यावर मोळ्या वाहून आमच्या ओसरीवर लाकूड रचलंत. यांनी तुम्हाला बसायला पाट दिला, पन्हं दिलं आणि गोड आवाजात सांगितलं की लाकूड ओलं आहे, ओसरीवरच वाळू द्या, सकाळी आत घेऊ. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. विठोबाला ओहोटी लागायच्या आत निघायचं होतं, तेव्हा तुम्ही गेलात. त्यानंतर काय झालं ते तुम्हाला कळायलाच हवं.

सकाळी म्हणजे तृतीया संपल्यावर, हे मला कळत होतं. स्वयंपाकघरात वखारीचं कोरडं लाकूड यांनी आधीच भरून ठेवलं होतं. काका सणाला आमच्याकडे जेवायला यायचे होते, त्यांना आणायला हे रस्त्याच्या तोंडाशी गेले. मी भरलेली घागर उचलली आणि वखारीच्या लाकडावर ओतली. मग दुसरी ओतली. म्हटलं, आता घरात दोन्ही लाकडं ओलीच आहेत, तर मग आपल्या माणसाचं का नको?

जाऊबाई, तुमच्या लाकडाने मला फार छळलं. धूर इतका की भिंतीवरच्या खुंट्या दिसेनात. मीठ तडतडत होतं, ठिणग्या हातावर येत होत्या. दोनदा विझलं. नारळाच्या शेंड्या घातल्या, जुनी सूपली मोडून घातली, फुंकून फुंकून डोकं गरगरायला लागलं. शेजारच्या शांतीकाकू धावत आल्या, त्यांना वाटलं घर पेटलं. मी म्हटलं, घर नाही, चूल पेटवते आहे. ऊन अजून पलीकडच्या कौलांवर होतं तेव्हा धरली एकदाची, आणि धरली ती अशी की वरण उतू गेलं.

हे आणि काका आत आले. पितरांचं पान वाढलं होतं, या दोघांची पानं मांडली होती. हे म्हणाले, एवढा धूर कसला. मी भात वाढला, त्यावर वरण घातलं, तूप घातलं आणि पदर घट्ट करून समोर उभी राहिले. लग्न झाल्यापासून मी यांच्याशी काकांच्या देखत कधी बोलले नव्हते. मी सांगितलं की भात माहीमच्या लाकडावर शिजलाय, वहिनींनी तोडलेल्या. दुसरा भात घरात नाही. नको असेल त्यांनी आत्ता, पितरांच्या पानासमोरून उठावं.

काका आधी जेवू लागले. त्यांच्या परळच्या चुलीवर सकाळीच तुमचं लाकूड लागलंय, हे त्यांनी घास घेताघेता सांगितलं, आणि ते इतकं तडतडलं नाही, असंही म्हणाले. यांनी पाट मागे सरकवला. मला वाटलं उठतात. मग चित्राहुती घातली, आपोशन घेतलं आणि जेवले. भात दोनदा मागून घेतला. जेवल्यावर कंत्राटदाराचा कागद आपल्या हाताने पेटीच्या तळाशी घातला. माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण आज सकाळी हपिसात जाताना ओसरीवरचं उरलेलं लाकूड उन्हाकडे सरकवून गेले.

तेव्हा यंदाची वहिवाट तुमची. पुढल्या सालची मला धास्ती आहे, कारण यांचं मन फिरतं. म्हणून एक मागते. मागल्या अंगाची खोली मी लोणच्याने भरते आहे. पुढल्या चैत्रात वद्य पक्ष लागला की मी माहीमला येईन. मीही घरचीच आहे, तेव्हा करवतीचं दुसरं टोक धरायला कुणाची हरकत चालणार नाही. पायाला एरंडाचं पान बांधलंय, तोवर बरा होईल. रखमाला सांगा, माझ्यावर हसायला कुंपणावर जागा राखून ठेव.

धाकट्या जावेवर माया करा, आणि करवतीला धार लावून ठेवा.
मीनाक्षी