फ्रीजरला तोटी

रिहे, ३ मार्च

ती. रेश्माताईस,
अमोलचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमी. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. आपल्याकडं रेंज येते ती एका ओट्यावर, आणि ओट्यावर दिवसभर अण्णा. म्हणून हे विठ्ठलरावांच्या दुधाच्या टेम्पोतून पाठवतोय.

हिंजवडीच्या एका कंपनीतून कागद आलाय. कँटीनच्या थंड खोल्यांची मशिनं सांभाळायची, एक एप्रिलला हजर व्हायचं. आयटीआयला फ्रीजचं काम शिकलो ते सहा वर्षांनी कामी येईल. पण जमीन विकताना अण्णांनी दिग्विजयसाहेबांना शब्द दिलाय, घरचा एक माणूस कायम जागेवर राहील. त्या शब्दावरच साहेबांच्या फार्महाऊसमागच्या दोन खोल्या आपल्याला राहायला मिळाल्या. साहेब तो माणूस मलाच धरतात, म्हणजे मी गेलो की खोल्या गेल्या. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

त्यात साहेबांनी पुण्याहून आईस्क्रीमवाल्याचा जुना आडवा फ्रीजर आणलाय. त्यात बिअरच्या स्टीलच्या टाक्या ठेवायच्या आणि बाहेर तीन तोट्या काढायच्या. ग्लास धरला की गार बिअर. विकत तयार मिळतं ते नको, घरी केलेलं पाहिजे म्हणतात. घरी म्हणजे मी. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. चुलते दारूपायी गेल्यापासून ते बाटलीच्या सावलीलाही उभे राहत नाहीत.

तुझी माया आहे, ती थोडी पत्रातूनही येऊ दे.
तुझा अमोल

कासार आंबोली, ६ मार्च

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र चुलीपाशी वाचलं आणि भाकरी करपली. सासूबाईंनी ऐकवायचं ते ऐकवलं.

आता नीट ऐक. माझा फ्रीज बिघडला तेव्हा तूच म्हणाला होतास, असल्या पेटीच्या भिंतीत गॅसच्या नळ्या असतात, भलतीकडं भोक पडलं की पेटी भंगारात. मग पाड की भलतीकडं. काम बिघडलं की साहेब स्वतःच म्हणतील, हा पोरगा नको. त्यांनी काढलं तर अण्णांचा शब्दही मोडत नाही आणि खोल्यांचं बोलायला जागा राहते. लबाडी आहे, मला कळतं. पण मी लग्न करून सुटले आणि तू तिथं अडकलास, हे रोज ताटावर बसलं की आठवतं. घास उतरत नाही रे.

आईच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकायला सांग. रागावलास तरी उत्तर धाड.
तुझी ताई

रिहे, १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाही जमलं ताई.

तोट्यांसाठी पेटीत भोकं पाडायची गरजच नव्हती. पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवली आणि तोट्या तिच्यात काढल्या. पण बिअर तोटीपर्यंत ढकलणाऱ्या गॅसची टाकी साहेबांना बाहेर हवी होती, म्हणजे खाली एक भोक आलंच. नळ्या कुठून जातात ते बघायला आईकडून तांदळाचं पीठ घेतलं, स्पिरिटमध्ये कालवून भिंतीला फासलं आणि मशीन चालू केलं. नळी गरम होते तिथलं पीठ आधी वाळतं. पांढऱ्या रेघा लख्ख दिसल्या. ड्रिल हातात, रेघ समोर. तुझं पत्र खिशात होतं. आणि मी ड्रिल चार बोटं बाजूला घेतलं. शिकलेल्या हाताला वाकडं काम करवत नाही, त्याला मी काय करू?

शनिवारी पाहुणे आले. बिअर अशी गार आली की साहेबांनी मला मिठीच मारली. म्हणाले, अमोल, आता इथून जायचं नाव काढायचं नाही, दर शनिवारी तोटीवर तूच. मी हसलो. आपल्याच हातानं दाराला बाहेरून कडी लावून घेतली म्हण.

नवल म्हणजे अण्णा. काम चाललं होतं तेव्हा नाकाला उपरणं लावून शेजारी उभे. तोटी किती फिरवायची, फेस कशानं येतो, टाकी कशी बदलायची, सगळं विचारलं. म्हातारपणी करमणूक हवी असेल.

हिंजवडीचा कागद ट्रंकेत ठेवलाय. तू वाईट वाटून घेऊ नकोस, जेवत जा.
तुझा अमोल

रिहे, ७ एप्रिल

चि. रेश्मास,
अण्णाचे लई आशीर्वाद.

माझं अक्षर बघून घाबरू नको. हितं सगळं बरं हाय.

इठ्ठलराव तुझी पत्रं माझ्याच हातात द्यायचा, आन अमोलची बी माझ्याच हातानं टेम्पोत जायाची. मी ती वाचली. वाचून तांदळाच्या खळीनं परत चिकटवली. बापानं असं करू न्हाई, पर केलं. भोक पाडायचं तू शिकीवलंस त्याचा राग आला हुता. मग अमोलनं ड्रिल बाजूला घेतलं ते म्या डोळ्यानं बघितलं आन माझीच मला लाज वाटली. पोरगं सरळ हाय म्हणून आमी त्याला बांधून घातलं.

मंग साहेबाकडं गेलो. म्हणलं, शब्द म्या दिलाय. घरचा माणूस राहील म्हणलो हुतो, पोरगा राहील असं कुटं म्हणलो? मी राहतो. साहेब हसलं, म्हणलं अण्णा, तोटीवर कोण हुबं राहणार? म्या ग्लास घेतला, तिरका धरला, दोन बोटं फेस ठेवून भरून दिला. मंग न्हाई हसलं.

अमोल एक तारखेच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला. माझ्या पायावर लई येळ डोकं ठेवून हुता. परवा पाहुण्यांना म्या तीस-बत्तीस ग्लास दिलं. वास अंगाला चिकटतो. आंघोळ केली तरी जात न्हाई. तुझा चुलता आठवतो. तुझी आई पाणी तापवून ठेवती. अमोलला यातलं काय लिहू नको.

आता चिठ्ठ्या धाडायची गरज न्हाई. अमोलला सांग, शनवारी-आयतवारी फोन कर. मनातलं आईशी बिनघोर बोला. ओटा मोकळा असतो. मी मागं पेटीपाशी असतो.

पोरांना पापा. बापावर जीव हाय तेवढा ऱ्हाऊ दे.
अण्णा