खालून गेलेलं नागपूर

गुढियारी, रायपूर
५ जानेवारी २००५

ती. सौ. रमाताईस,
मंजिरीचा सा. न. वि. वि.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी, अठराला. पट्टी बुधवारी सकाळी निघणार, आणि तेव्हा पहिलं तोंड माझंच दिसायला हवं हा तुझा हट्ट. मंजूर! मंगळवारी शाळेतून सुटका नाही, म्हणून बुधवारी सकाळच्या विमानाने येते. अंतर तीनशे किलोमीटरही नाही, उड्डाण पन्नास मिनिटांचं. छत्तीसगड झाल्यापासून आम्ही रायपूरकर राजधानीवाले. शेंगदाणे खात पाच तास गाडीत बसणं आम्हाला शोभत नाही. शेजारच्या सत्यभामेने विचारलं की दीदी, विमानाची खिडकी उघडते का. जन्मात विमानात न बसलेल्या मी मोठ्या अनुभवाने 'हव, उघडते' म्हटलं.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती वाढव.
तुझी,
मंजू

नागपूर
१० जानेवारी २००५

चि. सौ. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर घसरून राहिलं आहे, हसू नको. तुले विमान काहून पाहिजे? मंगळवारी रात्रीच्या गाडीत बस, पहाटे इथे. तुझे भाऊजी म्हणतात, विमानतळावर बसवून ठेवतात ते कोणी मोजत नाही.

फोनवर ते जवळ असतात, म्हणून लिहिते. उजवा डोळा तर गेलाच, आता या डाव्यावरच सगळं. पट्टी निघाली आणि काहीच दिसलं नाही तर? मले भीती वाटते. तेव्हा हात धरायला तू पाहिजे, एवढंच.

निरंजनरावांना आशीर्वाद. वेडेपणा कमी कर, लोभ नको कमी करू.
तुझी ताई

गुढियारी, रायपूर
२४ जानेवारी २००५

ती. सौ. रमाताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं फोनवर सांगितलंच. गाडीने आले, हे निराळं सांगायला नको. बाकीचं तोंडाने बोलवलं नाही.

त्या दिवशी पन्नास मिनिटं झाली तेव्हा मी खरंच नागपूरवर होते. खाली नुसतं धुकं. उतरता येत नाही, विमान मुंबईला जाईल, असं सांगितलं. मी हवाईसुंदरीला विचारलं की मला मध्येच, गोंदियाला तरी सोडाल का. तिने मला पाणी दिलं. तू भीत होतीस तेव्हा तुझी बहीण समुद्राकडे निघाली होती, खिडकीची जागा मिळाल्याच्या आनंदात.

मुंबईहून परत येऊन दवाखान्यात पोचले तेव्हा दिवे लागले होते. दारातच नर्स कमलाबाईंनी सांगितलं की पट्टी सकाळीच निघाली, तू डॉक्टरांची बोटं बरोबर मोजलीस, आणि माझा चेहरा पडू नये म्हणून हट्टाने पुन्हा पट्टी लावून घेतलीस. मी आत आले. तू चाचपडत माझा हात धरलास, पट्टी काढलीस आणि पहिली मीच दिसले म्हणालीस. ताई, तू फार वाईट नटी आहेस. मी तुझ्याहून वाईट, काही ठाऊक नसल्यासारखी आनंदाने केवढ्याने ओरडले!

मग मात्र तू माझ्या डोक्याकडे बघतच राहिलीस, आणि भाऊजींवर रागावलीस की मंजूचे केस इतके पिकले हे मला कोणी सांगितलं का नाही. ते काही तू ठरवून बोलली नव्हतीस.

मेंदीचा पुडा घरात आहे. इतक्यात लावणार नाही. तू पाहिलेली मीच राहू दे थोडे दिवस.

डोळ्यात थेंब वेळेवर घाल. माझ्या विमानाचा राग गेला असेल तर लोभ ठेव, नसेल तरी ठेव.
तुझी,
मंजू