वेशीवरच्या आईला कोणी बोलावलं

१४ मे २०१३, मंगळवार
मला विचारलं नाय. सामान आधी गाडीत भरलं, मग प्रकाश बोलला, "आये, चल, जंगल बघायला जाऊ. डोंगरातली जंगलं. वाघ, हत्ती. आठ-नऊ दिवस." पोटचा पोरगा, पण असं बोलला जसं काय नाक्यावर पाव आणायला जातोय. ऐन लग्नसराईत धवलारणीला, मांडवात देवांची गाणी गाणारीला, कोण फिरायला नेतो?
वर श्री काढायचा राहिला. आता काढला.
ही माझी लग्नांची वही. कोणाची हळद कधी, मांडव कुठं, एवढंच लिहिते. चौथीपर्यंत शाळा, तेवढ्याला पुरते. १९ ला कमळीच्या नातीचं लगीन होतं, नवरा कामोठ्याचा. नवऱ्याचा आजा वारला म्हणून लगीन दिवाळीनंतर, असं प्रकाश बोलला. मी बोलले, भेटून येऊ. "ते लोक गावी गेलेत." बरं. १९ वर काट मारली. म्हाताऱ्यासाठी देवापुढं दिवा लावला.
सून आली नाय. सुरेखाचा गुडघा दुखतो. परवा पिंपावर चढून माळ्यावरचं पातेलं काढलं तवा नव्हता दुखत.

१५ मे, बुध.
दिवसभर गाडी. काल कोल्हापूरला मुक्काम, आज कर्नाटक. पुढं प्रकाश आणि नात पूजा, तिच्या कानात वायरी. मागं मी आणि केळ्यांची पिशवी.
पूजाला बोलले, कमळीला फोन लाव. "लागत नाय आजी." तीनदा.
चाळीस वर्षं झाली कमळीसोबत धवले गातेय. पहिली ओळ माझी, मागची तिची. मांडवात सगळ्या देवांना बोलावणं जातं, ते दोघींनी मिळून. फक्त वेशीवरच्या आईचं, गावदेवीचं, बोलावणं मी एकटी गाते. कमळी तेवढ्यात दिव्यात तेल घालते, वात सारते. असंच चालत आलंय. आता ती तिकडं, मी इकडं, आणि डोसा थंड.

१७ मे, शुक्र.
बंदीपूर. पहाटेच उठवलं. जंगलखात्याच्या बसमधून आत. शहरातली माणसं अशी कुजबुजत होती जशी मयताला आलीत.
हरणं बघितली, पुष्कळ. गवा बघितला, काळा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. मोर काय आमच्याकडंही होते, डोंगर फोडायच्या आधी.
मग हत्ती. अकरा. बस बंद केली. पुढं एक हत्तीण, कान फाटलेला, गालफडं बसलेली. रस्त्याच्या कडेला थांबली, सोंड वर करून वास घेतला, मग बाकीचे आले. गाईड हिंदीत सांगत होता, ही सगळ्यात म्हातारी, रस्ता हिलाच ठाऊक, हिच्याशिवाय कळप हलत नाय. प्रकाश माझ्याकडं बघून हसला.
मी बोलले, "मग हिला केळ्यांसोबत मागच्या सीटवर कोण बसवतो?"
पूजा हसली. प्रकाश नाय.
परतताना एक हरीण ओरडलं. गाईड बोलला, वाघ जवळ हाय, ते बाकीच्यांना सांगतंय. अर्धा तास बसलो. वाघ आला नाय.

१८ मे, शनि.
मुदुमलाई, मग उटीवरून पुढं. सगळी वळणं. मी ओकले नाय, प्रकाशच ओकला.
पूजा सारखी गाडी थांबवायला लावते, फोन घेऊन लांब जाते. विचारलं तर "मैत्रीण."
आज हळद असती.

१९ मे, रवि.
मुन्नारच्या वरचं जंगल. गवताचे डोंगर, पायवाट, ढग अंगावरून जातात. तिथं डोंगरी बकऱ्या हायत, आपल्या बोकडाएवढ्या, शिंगं मागं वळलेली. कड्याच्या अगदी टोकावर उभ्या राहतात. एक तर अगदी जवळ आली, हातभर. माणसाला भीत नाय.
मी पूजाला बोलले, हिचा फोटो काढ, कमळीला दाखवू. फोन पुढं केला आणि फोनच वाजला. व्हॉट्सअप. बोट लागलं, सुरू झालं.
मांडव. हिरवा चुडा घातलेल्या बाया. पहिल्या खुर्चीत कामोठ्याचा वारलेला म्हातारा, पान खात होता.
आणि कमळी. पहिली ओळ कमळी गात होती.
मागची ओळ सुरेखा.
पूजा बोलली, "आजी, दे ना." मी दिला नाय. शेवटपर्यंत ऐकलं. बकरी तिथंच चरत होती.
सुरेखाचा सूर बरोबर होता, तेच जास्त लागलं. चूल फुंकताना, भाजी चिरताना ऐकून ऐकून उचललं, मला एकदा सांगितलं नाय.

२० मे, सोम.
प्रकाश घाटात बोलला. तोंडाकडं बघून नाय, रस्त्याकडं बघून. "आये, जासईचं लगीन आठव. तू विहिणीला काय गायलीस?"
गायले. विहिणीच्या गाडीच्या काचा काळ्या, आतली गोरी झाली कधी, असं गायले. लग्नात विहिणीला टोचायचंच असतं, पहिल्यापासून टोचतात. ती रडत उठून गेली. कामोठ्याची विहीण तिचीच बहीण. तिनं अट घातली, धवलारीण ती नको.
"मग मला तोंडावर सांगायचं."
"तू ऐकली असतीस? कमळीमावशीच बोलली, हिला आठ दिवस लांब ने."
कमळी.
एक माणूस जिवंतपणी मारला, माझ्यासाठी. मी त्याला दिवा लावला.
चहासाठी थांबलो. माकडानं प्रकाशच्या हातातली बिस्किटं नेली. बरं झालं.

२१ मे
फोनवर पुन्हा ऐकलं. पाच वेळा. पूजा आता फोन मागितला की लगेच देते.
गणपतीला बोलावलं. कार्ल्याच्या एकवीरेला. जेजुरीच्या खंडोबाला. मग कमळी थांबली, दिव्याकडं गेली, तेल घातलं, वात सारली. सुरेखा गप. दोघी गप. मग पुढची ओळ.
वेशीवरच्या आईला कोणीच बोलावलं नाय.
कमळी सवयीनं दिव्याकडं गेली. त्या वेळी गाणारी मी असायचे. तिथं आता रिकामं. कोणाच्या लक्षात आलं नाय, एवढ्या मांडवात.
प्रकाशला सांगितलं नाय. गाडीत कोणालाच नाय.

२३ मे, गुरु.
काल रात्री घरी पोचलो. सुरेखानं चहा आणला. हातात नवा चुडा. मी बोलले, "गुडघा कसा हाय?" कप ठेवला आणि आत गेली.
सकाळी कमळी बुंदीचं ताट घेऊन दारात. मी वळून बसले. ती बोलली, "पोरीचं लगीन मोडलं असतं गं, मी काय करू?" खोटं नाय बोलत. पण मला विचारलं असतं तर मी जासईच्या बाईची माफी मागितली असती. मागितली असती का? काय माहीत. विचारलंच नाय.
उद्या नवरी पाचपरतावणाला येणार, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी. गावात यायला वाट एकच, वेशीवरची. आईला बोलावणंच नाय गेलं, तिच्या अंगणातून पोरगी कशी आणायची? त्याआधी दिवा लावून गायला पाहिजे. ते गाणं या गावात मला एकटीला येतं. पोरीनं माझं काय वाईट केलंय. पण मी आपणहून उठणार नाय.
पूजाला खाली धाडलंय, निरोप देऊन. कमळीनं वर यायचं नाय. प्रकाशनं मधे तोंड घालायचं नाय. सुरेखानं एकटीनं यायचं, माझ्यासमोर खाली बसायचं, आणि वेशीवरच्या आईला कोणी बोलावलं ते तिनंच सांगायचं.