ताईला पाठवलेला अंगठा

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. माणसानं निदान स्वतःशी तरी प्रामाणिक असावं.
ऑफिसात आज फळ्यावर माझं नाव लागलं. महिन्यातला सर्वात जलद उत्तर देणारा कर्मचारी. आमची कंपनी पाणी शुद्ध करायची मशीन विकते. मशीन बिघडलं की लोक चॅटवर भांडायला येतात आणि त्यांना थंड करायचं काम माझं. साहेब सगळ्यांना म्हणाले, याच्याकडून शिका. शेजारच्या टेबलावरच्या टकलूनं टाळ्या वाजवल्या, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.
माझं तत्त्व सोपं आहे. समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही. घरच्यांनाही तोच नियम. मेसेज आला की आधी अंगठा, वाचणं मागाहून.
ताईचा व्हॉइस मेसेज आला, चांगला लांबलचक. हल्ली ती टाइप करायचा आळसच करते. ऑफिसात ऐकता येत नाही. लगेच अंगठा दिला. बरं वाटलं असेल तिला.

मंगळवार, ५ मार्च, दुपार
कामाचा डोंगर. त्यात सकाळपासून ताईचे आणखी तीन व्हॉइस मेसेज. पहिल्याला अंगठा. दुसऱ्याला धावणारा माणूस, म्हणजे गडबडीत आहे. तिसऱ्याला हसरा चेहरा. एकही मेसेज अनुत्तरित नाही. असा भाऊ शोधून सापडणार नाही.

बुधवार, ६ मार्च
जेवणाच्या सुट्टीत सगळे मेसेज ऐकले. डबा तसाच परत आणला.
सोमवारचा मेसेज: उद्या माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सोबत कोणी नसेल तर दवाखान्यात घेत नाहीत. येशील का? जमत नसेल तर मोकळेपणानं सांग, शेजारच्या शिवणक्लासच्या बाई यायला तयार आहेत.
यावर माझा अंगठा. म्हणजे होकार समजून तिनं बाईंना नको म्हणून सांगितलं असणार.
मंगळवारचा पहिला: मी पोचले रे, दारातल्या बाकावर बसलेय. अंगठा.
दुसरा: निघालास का? नर्स सारखी विचारतेय. यावर धावणारा माणूस.
तिसरा: नंबर गेला. आज नाही होणार म्हणतात. मी जाते घरी. तू धावपळ करू नकोस, रस्त्यात असशील तर सावकाश ये.
आणि यावर हसरा चेहरा. दात दाखवणारा.
ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. एकटी राहते. माझ्या प्रत्येक परीक्षेला पेपर सुटेपर्यंत केंद्राबाहेर उन्हात उभी असायची. घरी जा म्हटलं तरी जायची नाही. आज दिवसभर डोळ्यांसमोर तो बाक येतोय. मी बघितलेलासुद्धा नाही तो बाक.
संध्याकाळी फोन करायचा. नक्की.

बुधवार, रात्री जेवणानंतर
फोन केला नाही. ती झोपली असेल. आजारी माणसाची झोपमोड करणं बरं नव्हे.

गुरुवार, ७ मार्च
नीट विचार केला. फोन करणं म्हणजे न सांगता कुणाच्या घरात घुसणं. मेसेजचं तसं नसतं, समोरचा सवडीनं बघतो. म्हणून सविस्तर माफी लिहायला बसलो. 'झालेल्या' एवढंच टाइप केलं आणि पुढचं फोननंच भरलं: झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपले सहकार्य असेच राहो. दिवसभर हेच टाइप करतो, बोटांना आणि फोनला दुसरं येतच नाही. पाठवण्याआधी वाचायला हवं होतं.
लगेच खाली दोन रडके चेहरे जोडले, म्हणजे भावना पोचतील.
निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलं. उत्तर नाही.

शुक्रवार, ८ मार्च
बायकोला सांगितलं, अर्थात थोडं सौम्य करून. तिनं माझा फोन घेतला आणि हसऱ्या चेहऱ्यापाशी येऊन थांबली. मग म्हणाली, उठ आणि आत्ताच्या आत्ता जा. मी म्हटलं, तू आधी फोन करून अंदाज घेतेस का? तर म्हणाली, बहीण तुझी, चूक तुझी, फोनही तूच कर. मी मध्ये पडले की तू सुटल्यासारखा वागशील.
बायकोला संवादाची आधुनिक साधनं कळत नाहीत.
तरी फोन लावला. एक रिंग गेली. ताईला उठून फोनपर्यंत यायला त्रास होईल, म्हणून कट केला. छातीत धडधडत होतं. लिफ्ट बंद होती, जिने चढून आलो होतो, त्यामुळे असेल.
जोडलेले हात पाठवले. दोन वेळा.

रविवार, १० मार्च
आज ताईकडे जायचंच होतं. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. बसस्टॉपपर्यंत गेलोही. एक बस सोडली, गर्दी होती. दुसरी रिकामी होती, पण तेवढ्यात मनात आलं की रविवारी तिला जरा आराम मिळावा. परत आलो. बायकोनं विचारलं, एवढ्यात आलास? म्हटलं, भाजी आणायला गेलो होतो. मग परत उतरून भाजी आणावी लागली.
ताईला एक फूल आणि एक रडका चेहरा.
खरं सांगायचं तर मला तिच्यासमोर उभं राहायची भीती वाटते. हे वाक्य नंतर खोडायचं.

मंगळवार, १२ मार्च
आलं! ताईचं उत्तर आलं! लाल बदाम! चांगला मोठा, धडधडणारा!
माफ केलं. शेवटी रक्ताचं नातं. बायकोला दाखवलं, तर म्हणते, बदाम ताईंचा वाटत नाही. हिला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.
आज भूक लागली. टकलूला चहा पाजला. आता भेटायला जायची तशी घाई नाही. जखम भरली की खपली काढू नये.

शुक्रवार, १५ मार्च
बदाम रोज काढून बघतो. पण रोज थोडा लहान दिसतो.
ताईकडून नंतर एकही व्हॉइस मेसेज नाही. यायचे तेव्हा कटकट वाटायची. आज जुना एक उगाच लावला, कोथिंबीर कशी टिकवायची ते सांगणारा. तोही तेव्हा ऐकला नव्हता. मधेच म्हणते, अक्षरं दिसेनाशी झालीत रे, म्हणून बोलून पाठवते. सहा महिन्यांपूर्वीचा मेसेज आहे. त्यालाही माझा अंगठा आहे.
रविवारी जायचं. या वेळी बायको बसमध्ये बसवून देणार आहे.

रविवार, १७ मार्च
गेलो.
दार शिवणक्लासच्या बाईंनी उघडलं. गळ्यात टेप होती. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, अच्छा, ते रडके चेहरे तुमचे का?
ऑपरेशन काल झालं. बाई सोबत गेल्या होत्या. क्लास बंद ठेवून.
ताई पलंगावर टेकून बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं फक्त सावल्या दिसतात. माझी सावली बघून तिनं विचारलं, कोण, दूधवाला का?
बाई घडाघडा बोलत होत्या. रोज संध्याकाळी क्लास सुटला की ताईंना मी तुमचे मेसेज वाचून दाखवते, म्हणाल्या. पण त्यात वाचायचं काय? दोन रडके चेहरे, दोनदा जोडलेले हात, एक फूल, परत रडका. ताई विचारायच्या, आणि शब्द? मी सांगायचे, शब्द नाहीत. एकदाच आले, तेही कंपनीचे निघाले.
बदामाचं हळूच विचारलं. तो बाईंनीच दाबला होता. म्हणाल्या, ताईंचा डोळा लागला होता, आणि तुमचे ते चेहरे बघून मलाच कसंतरी झालं.
मग त्या आत गेल्या. खोलीत आम्ही दोघंच. ताईला माझा चेहरा दिसत नव्हता. मी तोंड पाडून बसलोय हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. जे आहे ते बोलूनच सांगावं लागणार होतं. चुकलो, ताई. दोनच शब्द. ओठांपर्यंत आले. मी म्हटलं, चहा टाकू का?
ती म्हणाली, टाक, साखर कमी.
चहा घेताना तिचा हात कपाचा कान शोधत होता. मी कप तिच्या हातात दिला आणि हात तसाच धरून ठेवला. तिनं सोडवून घेतला नाही. तेवढ्यानं धीर आला आणि म्हटलं, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी येईन. रजा टाकतो. नक्की येतो.
ताई अजिबात रागावलेली नव्हती. लहानपणी मला समजवायची त्याच आवाजात म्हणाली, नको रे, बाईंचं आणि माझं ठरलंय. तू आपला मेसेज करत जा.