तुमच्या सासूबाई आमच्याकडे आहेत

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (अर्धाच वाकले आहे. उरलेला गुडघा बरा झाल्यावर.) तुमची तब्येत कशी आहे? यजमानांचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, ठीक काही नाही. फोनच करणार होते, पण सासूबाई कान लावून बसतात आणि आता आमच्या घरात असे कान एक नाही, दोन जोड्या आहेत. ते पुढे येईलच. माझी शाळा कितवीत सुटली तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा चुका काढत बसू नका. शेवटपर्यंत वाचा, काम शेवटी आहे.

तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा आमच्या इस्त्रीच्या दुकानासमोर एक गादीवाला नवीन आला होता. तुम्ही त्याच्या सगळ्या उशा दाबून बघितल्या आणि एकही घेतली नाही, तोच. तो निवडणुकीला उभा राहिला. ना पक्ष, ना पाठीशी कोणी, ना या गावात मामा ना काका. दुकानापुढे गाद्या एकावर एक रचल्या, वर चढला आणि भोंग्यातून सांगायला लागला, की तरण्यांना राहायला जागा नाही कारण म्हातारे जागा अडवून बसलेत, पंचाहत्तरी झाली की गावाबाहेर हाकला आणि खोल्या मोकळ्या करा. (गादीवर उभं राहून बोलणारा माणूस डुलतो. त्यामुळे तो प्यालाय असंच सगळ्यांना वाटलं.) एकाने चप्पल फेकली. मास्तर माझ्याकडे शर्ट न्यायला आले होते, ते म्हणाले, असलं ऐकणंही पाप आहे, आणि त्यांनी माझ्याच दुकानाचं दार लावून घेतलं. आत वाफेने माझा जीव गुदमरला, पण म्हटलं, माणूस तत्त्वाचा आहे, असू दे.

आता तुम्ही म्हणाल, तू कुठली मोठी साध्वी. खरं आहे. सासूबाईंना मी काय काय बोलते ते तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि त्या मला काय बोलतात तेही. पण ते ओट्यापाशी. ओट्यापाशी बोललेलं भांड्यांबरोबर धुऊन निघतं. हा मेला ते भोंग्यातून बोलायला लागला! मला तर चोरी झाल्यासारखं वाटलं.

पुढची गंमत मी इस्त्री करता करता पाहिली. कपडे न्यायला आलेल्या माणसाला पाच मिनिटं थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस बोलतो. पहिल्या आठवड्यात सगळे म्हणत, छे छे, त्याच्या जिभेला काही हाड? दुसऱ्या आठवड्यात म्हणायला लागले, छे छे, पण जे आहे ते तोंडावर बोलतो हो. मग पेपरात एका बाजूला एक डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला दुसरा डॉक्टर छापून आले, हाकलावं आणि हाकलू नये. मधे गादीवाल्याचा फोटो. तेव्हापासून लोक मोठमोठे शब्द बोलायला लागले. मास्तर म्हणाले, भाषा निषेधार्ह आहे, पण प्रश्नाचा अभ्यास व्हायला हवा. (मास्तरांचा मुलगा लग्नाचा आहे आणि त्यांच्याकडे खोल्या दोनच. हे मी नुसतं सांगतेय.) मी म्हटलं, मास्तर, कसला अभ्यास? म्हातारी बाई जिन्यावरून कशी उतरवायची, याचा? तर म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं. आणि कॉलरला खळ कमी पडली म्हणून शर्ट परत टाकून गेले. तुम्हीसुद्धा वन्सं, फोनवर म्हणालात, माणूस वाईट आहे पण कल्पना अगदीच टाकाऊ नाही. मी त्या दिवशी फोन ठेवला तो लाइन गेली म्हणून नव्हे.

आणि सगळ्यांत वरताण तुमच्या मातोश्री! गादीवाला मतं मागायला जिना चढून आला आणि त्यांना म्हणाला, ताई, लक्ष असू द्या. आजी नाही, ताई! झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचा प्रचार सुरू. मी म्हटलं, अहो, तुमची ऐंशी होत आली, तो तुम्हालाच हाकलणार आहे. तर म्हणतात, मला कशाला? म्हातारे म्हणजे खालची.

खालची तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या खालच्या खोलीत एकटी राहते, पुढे-मागे कोणी नाही. सासूबाई रोज सकाळी गॅलरीत कपडे असे पिळतात की पाणी नेमकं तिच्या वाळत घातलेल्या उशीवर पडावं. मग ती काठीने आढ्याला ठोकते, मग सासूबाई पाय आपटतात, मग दोघींच्या तोंडाचा पट्टा सुरू. इतकी वर्षं मला घड्याळ लागलेलं नाही.

निवडणूक झाली. गादीवाला सपाटून पडला आणि आपले कायमचेच निवडून आले. (त्यांना सगळे कायमचेच म्हणतात, खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल.) माझा जीव भांड्यात पडला. पण कायमचे आभाराच्या सभेत उठले आणि म्हणाले, त्या गृहस्थांची भाषा आम्हाला कधीच मान्य नव्हती, मात्र प्रश्न खरा आहे आणि तो आम्ही माणुसकीने सोडवू. आणि सोडवला! गावाबाहेर लांबलचक घर बांधलं, खिडक्यांना पडदे लावले आणि वर पाटी, सन्मानगृह. हाकला हा शब्द मळका होता, तो धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री करून आणला की झाला सन्मान. गाद्या कोणाकडून घेतल्या ते विचारू नका, समोरच्या दुकानाला नवं शटर बसलंय. पहिल्यांदा ज्यांना कोणी नाही ते जाणार, बाकीच्यांचं मग बघू, असं ठरलं.

खालचीला न्यायला गाडी आली तेव्हा कोणी ओरडलं नाही, ओढलं नाही. कारकून इतकं गोड बोलत होता की मलाच क्षणभर जाऊन बसावंसं वाटलं. तिची पिशवी कोणी धरली असेल? मास्तरांनी. तिच्या खोलीत आता त्यांचा मुलगा आणि नवी सून राहतात. सासूबाई गॅलरीतून लढाई जिंकल्यासारख्या बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपडे पिळले. खालून काही नाही. मग आख्खी बादली ओतली. तरी काही नाही. नवी सून वर बघून हसली आणि म्हणाली, असू दे हं आजी. त्या आत आल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. जेवण अर्ध्यावर आलं. बोलणं बंद. मी मुद्दाम टोचून बघितलं, तर पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग एके दिवशी मला म्हणाल्या, चहा छान झालाय. वन्सं, माझ्या हातातली किटली पडली. लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. म्हटलं, ही बाई आता राहत नाही.

दुकान बंद केलं आणि तडक सन्मानगृहात गेले. गाद्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, कूस बदलली की करकर वाजत होत्या. खालची काठी धरून बसली होती. मला बघून म्हणाली, बैठं घर आहे गं, वर कोणीच नाही. ठोकू कुठे? मी तिची पिशवी उचलली. कारकून आडवा आला. म्हणाला, नातेवाईक असाल तरच नेता येईल, तुम्ही यांच्या कोण? माझ्या तोंडून निघून गेलं, ही माझ्या नणंदेची सासू. त्याला पटेना. तर खालचीने लगेच डोळ्याला पदर लावला आणि सुरू झाली, की सून विचारत नाही, दूध मोजून देते, दुकानात गेली तर दहा उशा दाबते आणि एक घेत नाही. (सासूबाई पोटच्या लेकीबद्दल, म्हणजे तुमच्याबद्दल, गॅलरीतून जे ओरडतात ते तिला सगळं पाठ आहे.) इतकं खरं वाटलं की कारकुनाचे डोळे भरून आले. त्यालाही अशीच बायको असावी.

तर खालची आता वरची झाली आहे. तिची खोली गेली, म्हणून सासूबाईंच्याच खोलीत. आता ती जमिनीवर काठी आपटते आणि खाली मास्तरांचा मुलगा आढ्याकडे बघत बसतो. सासूबाई दोन वेळा पोटभर जेवतात, चहाला नावं ठेवतात. घर पुन्हा घरासारखं झालंय. माझ्या डोक्याचा मात्र भुगा झालाय.

यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. – काम हे, की तो कारकून चौकशीला तुमच्याकडे येणार आहे. तुमच्या सासूबाई देवाघरी गेल्या हे मला माहीत आहे, मी रडलेही होते. पण काही दिवस त्यांना पुन्हा जिवंत करा. भिंतीवरचा त्यांचा फोटो तेवढा उतरवून ठेवा. सासूबाई माझ्या भावजयीकडे राहायला गेल्यात असं सांगा. नाही सांगितलंत तर खालची परत जाईल, आणि मग मी केलेला चहा तुमच्या आईला छान लागायला लागेल. पुढचं तुमचं तुम्ही समजा.

ता. क. दुसरी – दुधाचं आणि उशांचं विचारलं तर हो म्हणा. खोटं बोलायचं नसेल तरी तेवढ्याला अडचण येऊ नये.

ता. क. तिसरी – पत्र चिकटवायच्या आधी दोघींना विचारलं, वन्संना काही निरोप? दोघी एका सुरात (हे पहिल्यांदाच) म्हणाल्या, पुढच्या वेळी मत गादीवाल्यालाच देणार. कल्पना चांगली होती त्याची, फक्त माणसं चुकीची नेली.