वाकळेच्या कोपऱ्यातले चोवीस शब्द

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहून तरी काय करायचं होतं, तुला वाचता कुठं येत होतं. आज दुकानात बसलोय, समोर विहिरीवरच्या पंपाची एक जळालेली मोटार उघडून पडलीय, तिला नवी तार भरायचीय आणि हात उचलत नाही. दमलोय म्हण. कामानं दमलेला माणूस जेवतो, झोपतो, सकाळी उठतो. हे दमणं तसलं नाही. हे तुझ्या नातीच्या पैशावरनं सुरू झालं.

तू गेलीस तेव्हा ती दोन वर्षांची होती, तुझ्या मांडीवर बसून दोऱ्याचं रीळ उलगडत बसायची. आता पुण्यात असते. कॉम्प्युटरवर कार्टूनची चित्रं हलवायचं काम करते आणि बाहेरदेशातला एक माणूस तिला त्याची मजुरी क्रिप्टोमध्ये देतो. क्रिप्टो म्हणजे काय ते मला विचारू नको, मलाच अर्धं कळलंय. नोट नाही, नाणं नाही, बँकेचं पासबुक नाही. तरी पैसा खरा, त्यावर ती टॅक्स भरते. तिची तीन वर्षांची कमाई ती. त्यातनं तिला पुढं शिकायला बाहेर जायचंय, आणि इथं जळकोटात मोटारी भरून ते व्हायचं नाही हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

गुढीपाडव्याला आली ती एक बारकी डबी घेऊन. आत पेनड्राइव्हएवढं यंत्र, त्याला बोटाच्या नखाएवढा पडदा आणि दोन बटणं. हार्डवेअर वॉलेट म्हणायचं त्याला. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली आणि आधी डबी उलटीपालटी करून बघितली, कुणी उघडलेली तर नाही ना. म्हणाली, "पप्पा, हे बनवणाऱ्या कंपनीकडनंच मागवलंय. स्वस्तात मिळतंय म्हणून कुणाचं वापरलेलं घ्यायचं नसतं." मी म्हणालो, "एवढ्याशा डबीत तीन वर्षांचा पैसा मावतोय व्हय?" तर हसली. पैसा त्यात नसतोच म्हणे, पैशाची किल्ली असते. मग तिनं पिन टाकला, मला मान वळवायला लावून. तो लागोपाठ तीनदा चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकतं. आणि मग त्या पडद्यावर इंग्रजी शब्द यायला लागले, एकामागून एक, चोवीस. साधे शब्द, शाळेतल्या पुस्तकातले. ती कागदावर लिहीत गेली, मी परत वाचून ताडून बघत गेलो. मी आपला शहाणपणा केला, "मोबाइलवर फोटो काढून ठेवू का, गहाळ व्हायला नको." अगं, अशी ओरडली! फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही, कॉम्प्युटरमध्ये नाही. फोन करून कुणी कंपनीचा माणूस म्हणून शब्द विचारले तर तो चोरच समजायचा. "यंत्र मोडलं, हरवलं तर दुसरं आणता येतंय, ह्या शब्दांवरनं सगळं परत मिळतंय. पण हे शब्द गेले आणि यंत्रही गेलं, तर ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही. आणि हे दुसऱ्याला मिळाले तर पैसा त्याचा."

यंत्र ती घेऊन गेली, कागद माझ्याकडं दिला. तिच्या खोलीत मुली येत्यात, जात्यात, तिथं नको म्हणाली. "नीट ठेवा, आणि कुणाला सांगायचं न्हाय." मी म्हणालो, "तुझ्या बापानं आजवर कुणाची मोटार बदलली न्हाय, कागदाचं काय घेऊन बसलीस." मोठा विश्वास टाकला होता पोरीनं. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

पावसाळा लागेपर्यंत कागद पाकिटातच घेऊन फिरलो. पण कायमचा ठेवायचा कुठं? कपाटाला चोर आधी हात घालतो. ट्रंकेतली कागदं उंदरांनी खाल्लेली. तेव्हा तू आठवलीस. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून तू आम्हाला वाढवलंस, आणि घरच्या वाकळेच्या कोपऱ्यात स्वतःचं काहीबाही शिवून ठेवायचीस. "चोराला ट्रंक दिसती, वाकळ दिसत न्हाय," म्हणायचीस. तुझी ती जुनी, लाल पट्ट्याची वाकळ अजून आहे घरात. पावसाळ्यात दुपारी मी तिचा कोपरा उसवला, कागद सुती चिंधीत गुंडाळून आत घातला आणि शिवला. प्लास्टिकच्या पिशवीत घालणार होतो, पण ते कुरकुर वाजतंय म्हणून नको म्हटलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तो मी.

शिवताना तुझी जी आठवण आली ती चांगली होती असं नाही. मी दहाएक वर्षांचा असेन. जळकोटातल्याच एका बाळंतिणीची वाकळ तू पुरी करत होतीस, आणि बांधून द्यायच्या आधी मला विचारलंस, "सगळ्या सुया हायत्या का बघितल्यास?" मला खेळायला पळायचं होतं. "बघितल्या," म्हणालो. दोन दिवसांनी त्या बाईची सासू आली, लेकराच्या पायाला सुई टोचली म्हणून दारात उभी राहून वाट्टेल ते बोलली. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. ती गेल्यावर मला वाटलं आता पाठ सोलून निघते. तू हात लावला नाहीस. एवढंच म्हणालीस, "बघितल्या न्हाय म्हणाला असतास तर म्या बघितल्या असत्या." आणि भाकरीचं पीठ मळायला बसलीस. तेवढ्या दिवशी तू मला जेवायला हाक मारली नाहीस. मीच जाऊन बसलो.

घट बसायच्या आधी घर धुवायचं हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! जन्म इथं गेला. दरसाल वाकळा, चादरी, पडदे सगळं विहिरीवर जातं, तुझ्या वेळी तळ्यावर जायचं. पण कागद वाकळेत ठेवताना आषाढ चालला होता आणि माझ्या डोक्यात घट कुठनं येणार! घटाच्या आधी एक दिवस जेवायला घरी आलो तर कंपाउंडच्या भिंतीवर सगळ्या वाकळा वाळत घातलेल्या, आणि त्यात ती लाल पट्ट्याची. गुमान कोपरा चाचपला. वाकळ सोड्यात भिजवून, दगडावर आपटून, पिळून झाली होती. संध्याकाळी दुकानात नेऊन ब्लेडनं उसवली. आत निळा लगदा. एक अक्षर, माय, एक अक्षर राहिलं नव्हतं.

मग मी मूग गिळून बसलो. नऊ दिवस घट, दसरा, कोजागिरी, सगळं झालं आणि मी पोरीला फोनवर "कागद नीट हाय ना पप्पा?" ला "हाय की" म्हणत राहिलो. तिचा फोन वाजला की वाटायचं, आता म्हणती यंत्र बसमध्ये पडलं. तेवढं एक यंत्र, दोन बटणांचं, त्याच्यावर पोरीचं सगळं लटकलेलं, आणि तिला ते माहीत नाही. माहीत असतं तर ती त्या दिवशीच धावली असती. हे मला कळत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं.

दिवाळीला आली. तुझी सून चकल्या तळत होती, पोरगी सोऱ्या फिरवत होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि म्हणालो, "तो कागद गेला. वाकळेत ठेवला होता. तुझ्या आईनं धुतली वाकळ." हे असं, ह्याच शब्दांत.

पोरगी तिथंच भिंतीला टेकून बसली. मग उठली, आतनं बॅग आणली, यंत्र काढलं, पिन टाकला. चालू होतं. तिचा जीव भांड्यात पडला, पण रडू आवरेना. रडता रडता आईवर घसरली. "आई, धुवायच्या आधी एकदा विचारायचं तरी! काय हाय, कुणाचं हाय, बघायचंच न्हाय का तुला काही?" तुझी सून झारा धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग तेलाकडं बघितलं आणि म्हणाली, "चुकलं बाई माझं." नंतर पोरगीच जराशानं म्हणाली, "मीच म्हटलं होतं कुणाला सांगू नका. पण पप्पा, आईला सांगू नका असं कुठं म्हटलं होतं?"

पुढचं तिनंच निस्तरलं. जुनं यंत्र पुसून नव्यानं सुरू करून चाललं नसतं, त्यातली किल्लीच गेली असती. म्हणून दुसरं मागवलं, ते येईपर्यंत जुन्याला कुणी हात लावायचा नाही. नवं आलं, नवे चोवीस शब्द आले. ते लिहून झाल्यावर तिनं नवं यंत्र मुद्दाम पुसलं आणि कागदावरचे शब्द घालून परत उभं केलं, कागद बरोबर आहे की नाही बघायला. मग पैसा आधी चिमूटभर पाठवला. पोचला. मगच बाकीचा. मोटारीवर नंबर ठोकायचे अक्षरांचे पंच आहेत ना माझ्याकडं, त्यांनी मी स्टीलच्या पट्टीवर ते शब्द ठोकले. पहिली चार-चार अक्षरं पुरतात म्हणाली. पाण्यानं जात नाही, जाळानं जात नाही. एक अक्षर चुकलं नाही. पट्टी कुणाकडं ठेवायची म्हटल्यावर पोरगी म्हणाली, "पप्पांकडंच. आई काय, घासायला काढंल." सगळे हसले. तुझी सूनही हसली.

आता तुला सांगतो. वाकळा धुतल्या त्या दिवशी सकाळी, विहिरीवर जायच्या आधी, तुझी सून ती वाकळ काखेत घेऊन दुकानात आली होती. कोपरा चाचपत म्हणाली, "अहो, ह्यात कायतरी लागतंय हाताला. उसवून बघू का?" मी मोटारीत डोकं घालून होतो. गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. वाकळ कुठली ते बघितलंही नाही, आणि म्हणालो, "काय न्हाय त्यात. जुनी गाठ असंल. धू जा." तिनं विचारलं होतं, माय. तिनं नीट विचारलं होतं.

दिवाळी होऊन महिना उलटला. तिनं त्यावर मला एक शब्द विचारलेला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलून मोकळा झालो असतो. वेळेवर डबा देते, वेळेवर चहा. काल पोरीचा फोन आला, स्पीकरवर होता. हसत म्हणाली, "आई, पप्पांची शर्टं धुताना खिसे बघत जा गं." तुझी सून म्हणाली, "व्हय बाई, बघत जाईन." मी समोरच जेवत होतो. फोन माझ्या ताटाशेजारी पडला होता, हात लांब करायचं काम होतं. मी आमटी वाढून घेतली.

हे कुणाला सांगायला पाहिजे ते मला कळतंय. ते तू नव्हेस. तू काही तिला फोन करून सांगणार नाहीस, म्हणून तुला सांगितलं.