टाच मोकळीच राहते

शुक्रवार, ५ डिसेंबर. अहमदी.

कोपर टेबलावर टेकवत नाही. अक्षर बघवत नाही.

सईने नॉर्वेहून पाठवलेल्या चाकांच्या स्कीवर आज पहिल्यांदा उभा राहिलो. नाताळात तिच्याकडे गेलो की दोघांनी बर्फातून दहा किलोमीटर जायचं, असं तिने ठरवलंय. त्याची ही डांबरावरची तयारी. बुटाचं फक्त पुढचं टोक अडकवायचं, टाच मोकळीच. बावीस वर्षं मी इथे आखातात, तेल कंपनीच्या सेफ्टीत आहे. पट्ट्याचे दोन्ही हूक अडकवल्याशिवाय कुणाला स्कॅफोल्डिंगवर चढू दिलं नाही. आणि हे काय? ब्रेकसुद्धा नाही!

क्वार्टर्समागच्या रस्त्याने रोज गाडीने जातो, त्याला उतार आहे हे कधी जाणवलंच नव्हतं. आज जाणवलं. खाली वळणावर पाण्याचा टँकर आला, तेव्हा मी सरळ वाळूत अंग टाकलं. कोपर सोलून निघालं. अजून डोळे मिटले की टँकरचं ते चाकच दिसतं. घरी आल्यावर कोपर धुऊन देताना मेधा एवढंच म्हणाली, "सेफ्टीवाला ना रे तू?"

नाही जमणार, असं सांगायलाच सईला फोन केला.

"टाच सुटी राहते गं. फार भीती वाटते."

"बाबा, रिलॅक्स. एव्हरीबडी फॉल्स. मी पण किती पडले."

"कधी? बोलली नाहीस ते?"

"तू घाबरला असतास."

फोन ठेवल्यावर आठवलं. गेल्या महिन्यात दोन आठवडे व्हिडिओ कॉलवर तिचा डावा हात एकदाही दिसला नव्हता.